कंगोऱ्यांचा परवाना

‘या प्रश्नाला अनेक कंगोरे आहेत,’ असे आपण सहज बोलून जातो. बोलताना कुणाच्याही डोळ्यांपुढे किल्ला उभा राहत नाही. पण फारसीतून आलेला हा शब्द मुळात तटाच्या माथ्यावरील दातेरी बांधकामाचा. एक भाग उंच, मग रिकामी खाच, पुन्हा उंच भाग. खाचेतून बाण सोडायचा आणि लगेच उंच भागाआड दडायचे, एवढीच त्यामागची युक्ती.

भिंतीवर असे कंगोरे चढवण्यासाठी इंग्रजीत एक स्वतंत्र क्रियापदच आहे : क्रेनेलेट. गंमत अशी, की ते उंच दातांवरून नव्हे, तर मधल्या खाचेवरून पडले आहे. जुन्या फ्रेंच भाषेत ‘क्रेन’ म्हणजे खाच आणि ‘क्रेनेल’ म्हणजे लहानशी खाच. वनस्पतिशास्त्रात दातेरी कडेच्या पानांना ‘क्रेनेट’ म्हणतात, तो शब्दही याच घराण्यातला. आजच्या फ्रेंचमध्ये त्याचे ‘क्रेनो’ झाले असून, रस्त्याकडेला उभ्या असलेल्या दोन मोटारींच्या मधल्या जागेत आपली मोटार घालण्यालाही हाच शब्द वापरतात!

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये मात्र हा शब्द थेट राजदरबारात पोहोचला होता. आपल्या घराला कंगोरे चढवायचे तर सरदार, धर्मगुरू, सावकार राजाकडे परवाना मागत. लॅटिनमध्ये लिहिलेले असे शेकडो परवाने दिले गेले. प्रजेने परस्पर किल्ले बांधू नयेत म्हणून ही व्यवस्था होती, असे पूर्वी मानले जाई. अलीकडचे बरेच अभ्यासक म्हणतात, की परवाना हा बंदोबस्तापेक्षा मानाचा भाग अधिक होता. कंगोऱ्यांचे घर म्हणजे खानदानी घर!

वेल्सच्या सरहद्दीजवळचे स्टोकसे पाहिले की हे पटते. लडलो गावचा लॉरेन्स हा लोकरीचा बडा व्यापारी. 1291 मध्ये पहिल्या एडवर्ड राजाने त्याला आपल्या वाड्याभोवती दगडचुन्याची भिंत घालून कंगोरे चढवण्याची परवानगी दिली. दक्षिणेकडील बुरुजावर ते आजही दिसतात. पण त्याच वाड्याच्या दिवाणखान्याला बाहेरच्या बाजूनेही मोठमोठ्या खिडक्या आहेत. शत्रूची खरी धास्ती असणारा माणूस अशा खिडक्या ठेवील काय?

लॉरेन्सला हे वैभव फार दिवस लाभले नाही. 1294 मध्ये राजाने युद्धखर्चासाठी लोकरीवर जबर जकात बसवली. त्या व्यवहारात लॉरेन्सचा हात होता, म्हणून लोकरीच्या धंद्यातले लोक त्याच्यावर संतापले होते. त्याच वर्षी समुद्रात तो बुडून मेला. जहाजात लोकरच भरलेली होती. लोकर विकणाऱ्यांचा अपराध केला म्हणून लोकरीसह बुडाला, अशी नोंद डन्स्टेबलच्या मठातील बखरकाराने करून ठेवली आहे.

पुढे 1645 मध्ये, यादवी युद्धात, पार्लमेंटचे सैन्य स्टोकसेच्या दाराशी आले. मोठी लढाई न होताच वाडा त्यांच्या स्वाधीन झाला.