क्रिप्टोवर टॅक्स आहे, म्हणजे पैसा सेफ आहे का?

"सरकार टॅक्स घेतं, म्हणजे क्रिप्टो सेफच ना दादा?" असं डोणगावात दुकानावर येणारी पोरंही विचारतात. तर नाही. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के टॅक्स आहे, आणि तोटा दुसऱ्या कमाईतून वजा होत नाही. पण ते कायदेशीर चलन नाही. बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंत ठेवीला विमा असतो, इथे तोही नाही.

'गेनबिटकॉइन' आठवा. १८ महिने, दरमहा १० टक्के परताव्याचं आमिष होतं. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली, पुढे तपास सीबीआयकडे गेला.

म्हणून धंद्याचं भांडवल यात घालू नका, बिलाचे पैसे रुपयातच घ्या. आणि पैसे टाकण्याआधी विचारा: बुडाले तर पकडायचं कुणाला?