मदत करण्याचें शिक्षण

दुःखितांस मदत करावयाची, त्यांत शिकावयाचें तें काय, असा प्रश्न आमच्या सुशिक्षित घरांतून अद्यापहि ऐकूं येतो. मन कनवाळू असलें कीं झालें! परंतु १९३६ सालीं मुंबईस नागपाड्यांत सर दोराबजी टाटा यांच्या नांवानें समाजकार्याचें विद्यालय निघालें. तीच आजची देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था. तेथें व्याख्यानांच्या जोडीस क्षेत्रकार्य असतें. विद्यार्थी वस्तींत जातो, रुग्णालयांत जातो. काय ऐकलें, आपण काय बोललों, हें लिहून मार्गदर्शकापुढें ठेवतो.

“नवरा दारू पिऊन मारतो, घर सोडूं का?” असें एखाद्या बाईनें विचारलें, तर उपदेश जिभेवर तयारच असतो. तो आवरावा, तिचें ऐकावें; जिवास धोका दिसल्यास आसऱ्याची सोय आधीं पाहावी; सारे मार्ग तिच्यापुढें मांडावे, पण निर्णय तिचा तिला घेऊं द्यावा; आणि तिनें सांगितलेलें चारचौघांत बोलूं नये, हें त्यास शिकावें लागतें.

देणाऱ्याचा हात नेहमीं वर राहतो. ऐकणाऱ्यास शेजारीं बसावें लागतें. घरीं कामास येणाऱ्या बाईस जुनें लुगडें देतांना आम्हीं तिला कधीं कांहीं विचारलें आहे काय?