सोन्या आणि टँकरचं पाणी

फिशटँक म्हणजे घरातला सगळ्यात कूल कोपरा. पण हाच कोपरा एका दुपारी आयसीयू झाला तर? भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादमध्ये घेतलेला हा घाम फोडणारा अनुभव...

"अगं बाई, ह्याला काय झालं? वर येऊन नुसता आ करायलाय!"

आजीची हाक आली तेव्हा मी लॅपटॉपवर एका स्टोरीची डेडलाइन गाठत होते. मे महिना, दुपारचे तीन, डोक्यावर गरम वारा फेकणारा पंखा. उठून बैठकीत गेले आणि पोटात गोळाच आला. सोन्या पाण्याच्या अगदी वर येऊन तोंड उघडत-मिटत होता. मधेच वेडा झाल्यासारखा काचेवर आपटायचा, पुन्हा वर यायचा.

सोन्या म्हणजे आजीचा गोल्डफिश. वीतभर नाही, पण बऱ्यापैकी दांडगा. आजोबांनी शेवटच्या वर्षी जालन्याहून जोडी आणली होती. त्यातला एक लवकरच गेला. मग आजोबा गेले. त्यालाही आता चार वर्षं झाली. तेव्हापासून आजी सकाळी चहाचा कप घेऊन टँकसमोर बसते आणि सोन्याला गावातल्या बातम्या सांगते. कोणाची सोयरीक जमली, कोणाची म्हैस व्याली, सगळं. आम्ही हसतो. पण एवढ्या मोठ्या घरात ती आणि सोन्या दोघंच राहतात, हेही आम्हाला माहीत असतं.

आणि त्याची ही अवस्था केली होती मी! हो, मीच. वर्क फ्रॉम होमसाठी आठवडाभर गावी आलेल्या नातीला उत्साह आला होता. टँक हिरवा पडलाय म्हणून मी तो अख्खा रिकामा केला, खडे घासले, फिल्टरचा स्पंज खळखळून धुतला आणि सकाळीच आलेल्या टँकरचं स्वच्छ पाणी काठोकाठ भरलं. काच कशी चकाचक! फोटोसुद्धा काढला. वीसेक मिनिटांत हा प्रकार. त्यात लाइट गेली आणि एअरपंपाची बुडबुड थांबली.

संभाजीनगरला एका अ‍ॅक्वेरियमवाल्या दादांचा नंबर माझ्याकडे होता. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पाणी कुठलं?" टँकरचं म्हटल्यावर म्हणाले, "नाकाशी धरून वास घ्या." घेतला. स्विमिंग पूलचा वास!

टीसीएल. गावाकडे हा शब्द शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो, मास कॉमच्या डिग्रीवाल्या मला मात्र तो वेळेवर आठवला नाही. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. टँकरच्या पाण्यात ती घालतात आणि घातलीच पाहिजे, नाहीतर गावात गॅस्ट्रो पसरेल. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन उरलेलं असावं, असा भारतीय मानकाचा निकष आहे. आपल्याला त्याचं काही वाटत नाही. पण माशाचे कल्ले म्हणजे जणू पाण्यात उघडी टांगलेली फुप्फुसं. क्लोरीन त्यांची नाजूक कातडीच भाजून काढतं. मग पाण्यात ऑक्सिजन असला तरी तो आत घेता येत नाही. आणि पुण्या-मुंबईतल्या फ्लॅटवाल्यांनो, तुमच्या नळालाही क्लोरीन असतंच. तेव्हा गावाला हसू नका!

"जुनं पाणी आहे का?" दादांचा दुसरा प्रश्न. मी गप्प. जुनं पाणी तर मी आजीला म्हटलं होतं, मोरीत ओतून टाक.

"एक बादली आहे की," आजी म्हणाली. "मोरीत कोण ओततंय? एक जास्वंदीला घातली, एक ठेवली संध्याकाळच्या तुळशीला."

जालना जिल्ह्यात उन्हाळे काढलेली बाई आहे ती. २०१२-१३ चा दुष्काळ तिने बघितलाय. पाणी फेकणं तिच्या हाताला जमतच नाही, आणि त्या सवयीनेच सोन्याला बादलीभर जीवदान दिलं. हात ओला करून, हळूच, ओंजळीत धरून त्याला त्या हिरवट पाण्यात सोडला. (कोरड्या हाताने मासा कधीच धरू नका, अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. तेच त्याचं चिलखत असतं.)

आता हवेचा प्रश्न. पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी. २० अंशाला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशाला साडेसातच्या आसपास. मेमधल्या हसनाबादची दुपार तुम्ही इमॅजिन करा! बादली ओलं पोतं गुंडाळून ओसरीतल्या गार कोपऱ्यात ठेवली. आजीने पितळी तांब्या घेतला आणि त्याच बादलीतलं पाणी वीतभर उंचीवरून धार धरून पुन्हा आत सोडायला लागली. भरायचा, सोडायचा. दादांनी हेच सांगितलं होतं. लाइट नसताना याच्याइतका स्वस्त एअरपंप नाही. बर्फ टाकू का, असंही मी विचारलं. त्यावर त्यांनी चक्क झापलं. तापमान एकदम उतरलं की वाचणारा मासाही दगावतो.

दादांनी मिठाचंही सांगितलं. साधं खडा मीठ, लिटरला साधारण १ ग्रॅम, थोड्या पाण्यात विरघळवून हळूहळू. गोल्डफिशला त्याने ताण सोसायला मदत होते. तुमच्याकडे तळाशी फिरणारे कोरीडोरास असतील तर मात्र मिठाच्या वाटेला जाऊ नका, त्यांना ते सोसत नाही. आणि दाणा बंद. आपल्याकडे आजारी माणसाला आग्रह करकरून भरवायची पद्धत, म्हणून हे आजीला पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

उरला भरलेला टँक. दोन फुटी, म्हणजे पन्नासेक लिटर पाणी. ते ओतून देणं आजीच्या घरात शक्यच नव्हतं. उघडं ठेवून दिवसभर थांबलं तर क्लोरीन बरंचसं उडून जातं, पण बादलीत सोन्या किती काळ तग धरणार? शहरात अँटिक्लोरीनची बाटली कुठल्याही फिश शॉपमध्ये मिळते. इथे किराणा झाला, मेडिकल झालं, कुठेच नाही. पुन्हा फोन. "अहो, ते म्हणजे दुसरं काही नाही, हायपो असतं. सोडियम थायोसल्फेट. जुना फोटोग्राफर आहे का गावात?"

होता! ब्लॅक अँड व्हाइटच्या जमान्यात डार्करूम चालवलेले एक काका दोन गल्ल्या सोडून राहतात. माळ्यावरून त्यांनी गंजका डबा काढला. आत खडीसाखरेसारखे स्वच्छ खडे. "तयार फिक्सरचं पाकीट नको घेऊस, त्यात इतर केमिकल असतात. हे निव्वळ हायपो," असं बजावून ते स्वतःच सोबत आले. चिमूटभर खडे ग्लासात विरघळवून टँकमध्ये ओतले, ढवळलं. वास गेला. मग ते ओसरीत बसले आणि आजोबांचा लग्नातला फोटो आपणच कसा धुतला होता, ते सांगत राहिले. आजी तांब्या सोडत ऐकत होती.

लाइट आठ वाजता आली. टँक आणि बादलीचं तापमान जुळल्याची हाताने खात्री करून, मगभर मगभर टँकचं पाणी बादलीत मिसळत साडेनऊला सोन्याला परत घरी सोडलं. तो तळाशी एका कोपऱ्यात पडून राहिला. कल्ले हलत होते, एवढंच.

फेंगशुईवाल्यांच्या मते घरात नऊ मासे हवेत, आठ सोनेरी आणि एक काळा. एखादा मेला तर तो घरावरचं संकट घेऊन गेला म्हणायचं. मासे विकणाऱ्यांसाठी किती सोयीचं! आजीला मात्र सोन्याने कसलंच संकट न्यायला नको होतं. तिने राजूरच्या गणपतीला नारळ बोलला. रात्री दोनला मी पाणी प्यायला उठले, तर ती टँकसमोर खुर्ची टाकून बसलेली. "झोप की गं," म्हटलं तर म्हणाली, "तुझ्या आजोबांच्या वेळी डोळा लागला होता माझा."

मी तिच्या शेजारी खाली बसले. तिला टिशची गोष्ट सांगितली. १९५६ मध्ये इंग्लंडमधल्या एका जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला हा गोल्डफिश १९९९ मध्ये गेला, ४३ वर्षांचा होऊन! आजीने हिशेब केला. "म्हणजे हा मला पोचवूनच जाईल," म्हणाली आणि पहिल्यांदा हसली.

सकाळी सोन्या मधोमध पोहत होता. शेपटीची कड झिजलेली, पण पोहत होता. खरी परीक्षा पुढेच होती, कारण टीसीएलच्या पाण्यात स्पंज धुऊन मी त्यातले उपयोगी जिवाणूही मारले होते. माशाच्या घाणीतून तयार होणारा अमोनिया तेच पचवतात आणि ते पुन्हा वसायला काही आठवडे लागतात. तोवर रोज थोडं, फार तर चौथा हिस्सा पाणी बदलायचं, दाणा अगदी कमी टाकायचा. हे सगळं कागदावर लिहून मी टँकवर चिकटवलं आणि पुण्याला निघाले.

परवा व्हिडिओ कॉल आला. स्क्रीनवर आधी आजीचा कान, मग छत, मग सोन्या. "खायलाय बघ," आजी म्हणाली. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. "ठेव गं, टँकर आला. त्याची बादली उन्हात ठेवायचीय."