पाकग्रंथांचा छंद

जुनीं नाणीं किंवा टपालाचीं तिकिटें जमविणाऱ्या गृहस्थास लोक रसिक म्हणतात. परंतु स्वयंपाकाचीं पुस्तकें जमविणाऱ्यास मात्र खादाड समजून हंसतात. वस्तुतः हा छंद जिभेपेक्षां बुद्धीलाच अधिक पोसणारा आहे. पाकशास्त्राचें एखादें जुनें पुस्तक चुलीपासून दूर, स्वस्थ बसून वाचावें म्हणजे त्यांत एका काळाचा सगळा संसार दिसूं लागतो. पंक्तीला माणसें किती बसत, तूप कोणाला परवडे, बाजारांत काय मिळे आणि काय मिळत नसे, हें सारें त्यांत न सांगतां सांगितलेलें असतें. इतिहासकार राजांच्या लढाया लिहून ठेवतात. रोजच्या ताटाची बखर पाकग्रंथांतच सांपडते.

ही परंपरा आपल्याकडे फार जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्य वंशांतील तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथांत ‘अन्नभोग’ नांवाचें प्रकरण आहे. त्यांत तापलेल्या खापरावर भाजावयाचा मंडक वर्णिला आहे. विदर्भांत आजहि उपड्या मडक्यावर हातानें लांबविलेली पातळ रोटी भाजतात. तो श्लोक वाचून मग ती रोटी भाजतांना पाहणाऱ्यास जो आनंद होतो, तोच या छंदाचा खरा लाभ होय. पुढें सतराव्या शतकांत रघुनाथ गणेश नवहस्ते या महाराष्ट्रीय पंडितानें ‘भोजनकुतूहल’ हा ग्रंथ संस्कृतांतच लिहिला. मराठींत छापील पाकग्रंथांचा आरंभ रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या ‘सूपशास्त्र’ या १८७५ सालच्या पुस्तकापासून मानतात. त्यानंतर १९१० सालीं लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ हें पुस्तक प्रसिद्ध झालें, आणि १९७० सालीं कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ आली. लग्न झालेल्या मुलीबरोबर ‘रुचिरे’ची एक प्रत देण्याचा परिपाठ कित्येक घरांत पडला.

हीं पुस्तकें शेजारीं शेजारीं ठेवून वाचलीं म्हणजे मापांची गंमत ध्यानांत येते. जुन्या पुस्तकांत शेर, अदपाव, छटाक, तोळा अशीं वजनें असत. ऐंशीं तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारें ९३३ ग्रॅम, आणि अदपाव म्हणजे सुमारें ११७ ग्रॅम. १९५६ सालच्या कायद्यानें दशमान वजनें आलीं आणि जुनीं पुस्तकें नव्या मुलींना कोडीं वाटूं लागलीं. ‘रुचिरे’नें वाटी आणि चमचा हींच मापें धरलीं, म्हणून तराजू नसलेल्या घरांतहि ती चालली. प्रमाण बदललें कीं पदार्थ बिघडतो. यासाठीं संग्राहकानें पुस्तकाच्या मुखपृष्ठापेक्षां मापांचें पान आधीं पाहावें.

परंतु चंद्रपूर आणि गडचिरोली या वनप्रदेशांतील वाचक हीं पुस्तकें चाळूं लागला म्हणजे त्याला एक उणीव जाणवते. हे दोन जिल्हे २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच होते. भाताचीं बांध्यांचीं शेतें, तळीं आणि अरण्य हीच दोहोंची संपत्ति. येथील चुलीवर शिजणारें अन्न छापील पुस्तकांत क्वचितच भेटतें. मोहफुलें चैत्राच्या सुमारास पहाटे झाडाखालीं पडतात. तीं वेंचून, वाळवून, शिजवून किंवा भाजून खातात. पावसाळ्यांत बांबूचे कोंब, म्हणजे वास्ते, येतात. ते बारीक चिरून उकळावे लागतात व तें पाणी टाकून द्यावें लागतें, कारण कच्च्या कोंबांत कडवट विषारी अंश असतो. उकळण्याची ही रीत वगळून कोणी केवळ ‘वास्त्यांची भाजी’ एवढेंच लिहील, तर तें लेखन अपुरेंच नव्हे, घातकहि ठरेल.

लाखोळीची गोष्टहि अशीच आहे. भात कापण्यापूर्वीं त्याच शेतांतील ओलीवर ही डाळ पेरतात, म्हणून ती गरिबाच्या घरीं सुलभ. परंतु दुष्काळांत महिनेन्महिने तीच मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पाय लुळे पडण्याचा रोग होतो. याच कारणानें १९६१ सालीं केंद्र सरकारनें तिच्या विक्रीवर बंदी घातली. डाळ भिजवून, उकळून पाणी टाकल्यास तिच्यांतील विषारी अंश कमी होतो, आणि इतर धान्यांबरोबर बेतानें खाल्ली तर धोका उणावतो. डाळ किती वेळ भिजवावी, किती पाण्यांत उकळावी, ही माहिती ज्या वृद्ध स्त्रियांना अनुभवानें आहे, त्यांतील बहुतेकींना ती लिहून ठेवण्याचें कारणच कधीं पडलें नाहीं. त्या गेल्या म्हणजे ती माहितीहि त्यांच्याबरोबर जाईल.

म्हणून या प्रदेशांतील संग्राहकानें आपल्या कपाटाचे दोन खण करावे. एकांत छापील पुस्तकें ठेवावीं. रद्दीच्या दुकानांत सांपडलेली, तेलाचे डाग पडलेली, समासांत कोण्या गृहिणीनें ‘मीठ कमी घालावें’ असें लिहिलेली प्रत कोऱ्या प्रतीपेक्षां अधिक मोलाची समजावी. दुसरा खण हस्तलिखित वह्यांचा असावा. आजी, मावशी, शेजारीण यांच्याकडून कृति उतरवून घेतांना पदार्थाचें नांव त्यांच्याच बोलींत लिहावें. गांव, ऋतु, माप आणि त्या मापाच्या भांड्याचा आकार नोंदवावा, आणि ‘असें कां करतां?’ हा प्रश्न विचारून उत्तर खालीं लिहावें. पावसाळ्यानंतर वह्यांना ऊन दाखवावें, कारण या ओलसर हवेंत कसर आणि वाळवी यांना कागदाची चव फार लवकर कळते.

श्रोत्यांपैकीं कित्येकांच्या घरीं फळीवर एखादी जुनी वही अजून असेल. ती काढावी, झटकावी आणि वाचावी. आणि जिच्या हातची भाजी अजून खावयास मिळते, तिला येत्या रविवारीं शेजारीं बसवून निदान एक कृति तरी लिहून घ्यावी.