जुन्या मोटारीचे नवे धक्के



जुनी मोटार बाळगणाऱ्या माणसास एक दिवस असें वाटूं लागतें कीं, गाडी आतां फार डोलते, वळणावर कलते, मागें तीन माणसें बसलीं कीं जमिनीला टेकूं पाहते. तो ती गॅरेजमध्यें नेतो. जाड तारेच्या नव्या स्प्रिंगा, नवे शॉक ॲब्सॉर्बर, मागच्या पाट्यांत एक पाटा अधिक, अशी सारी भर घालून घेतो, आणि घरीं येतो तो पाठ चोळीतच! गाडी डोलत नाहीं हें खरें. पण रस्त्यावरचा प्रत्येक खडा मणक्याला कळूं लागतो. असें कां होतें आणि त्यावर उपाय कोणता, एवढ्याच प्रश्नाचा विचार आज आपणांस करावयाचा आहे.

हा अनुभव माझ्या घरचाच आहे. वडिलांनीं घेतलेली प्रीमियर पद्मिनी आम्हीं अजून ठेवली आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतून ही गाडी ऑक्टोबर २०२३ मध्यें कायमची गेली. पण हौसेनें जपलेल्या कांहीं गाड्या अद्याप आहेत, त्यांतलीच ही एक. तिला पुढें स्प्रिंगा व मागें पाटे आहेत. गेल्या वर्षीं मीं तिचें सारें काम करून घेतलें. "चांगली कडक करा," असें मिस्त्र्यांना मींच सांगितलें होतें. तेव्हां दोष त्यांचा नव्हे. पहिल्याच रविवारीं आईला घेऊन दादरहून ठाण्याला गेलों. उतरतांना ती म्हणाली, "पुढच्या वेळीं तूं जाऊन ये रे बाबा, मी आपली घरींच बरी." ज्या गाडींत तिनें तीस वर्षें प्रवास केला, तिच्यांत बसण्याची तिला धास्ती वाटावी, हें माझ्या मनाला फार लागलें; आणि मग मी ह्या विषयाच्या मागें लागलों.

प्रथम स्प्रिंगेचा हिशेब पाहूं. गाडीच्या वजनानें स्प्रिंग जितकी अधिक दबते, तितके गाडीचे झोके सावकाश होतात. चाकापाशीं हा दाब २५ सेंटिमीटर असेल, तर गाडी सेकंदास सुमारें १ झोका घेते. ११ सेंटिमीटर असेल तर दीड, आणि ६ सेंटिमीटर असेल तर २. प्रवासी गाड्या सामान्यतः एक ते दीड झोक्यांच्या बेतानें बांधलेल्या असतात. त्याहून पुष्कळ वर गेलें कीं झोका संपून धक्का सुरू होतो.

आणि वर जाण्यास फार कांहीं करावें लागत नाहीं. तारेची जाडी १२ मिलिमीटरऐवजीं १३ केली, तर डोळ्यांना फरक क्वचितच दिसेल. परंतु स्प्रिंगेचा कडकपणा जाडीच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणांत वाढत असल्यामुळें तो सुमारें ३८ टक्क्यांनीं वाढतो! गाडी बुटकी दिसावी म्हणून स्प्रिंगेचा एक वेढा कापणारेही आहेत. आठ वेढ्यांचे सात झाले, कीं स्प्रिंग सुमारें १४ टक्क्यांनीं कडक होते. शिवाय चाकाला वर सरकण्यास जागा कमी उरते, ती हानि निराळीच.

दुसरी गोष्ट, पुढच्या व मागच्या चाकांचा मेळ. रोल्स-रॉइसमधून कॅडिलॅककडे गेलेला मॉरिस ऑली नांवाचा इंजिनियर होता. त्यानें १९३० नंतरच्या कांहीं वर्षांत, वजनें हवीं तशीं मागेंपुढें सरकवतां येतील अशी एक गाडी तयार करून ह्या प्रश्नाचा अभ्यास केला. त्याचा निष्कर्ष असा कीं, पुढच्या बाजूचे झोके मागच्यापेक्षां कांहींसे संथ असावे. उंचवटा पुढच्या चाकांना आधीं भेटतो, मागच्यांना किंचित् नंतर. मागची बाजू जलद हलली तरच ती पुढचीला गांठते आणि गाडी सपाट राहते. नुसत्या पुढच्याच स्प्रिंगा कडक केल्या, तर गाडी मान हलवीत चालते, तें ह्यामुळें.

हा केवळ सुखाचा प्रश्न आहे असें मात्र समजूं नये. अति कडक गाडीचें चाक खराब रस्त्याला चिकटून न राहतां उडत जातें. चाक जमिनीवर नसेल तेवढा वेळ ब्रेकचाही उपयोग नाहीं आणि स्टिअरिंगचाही नाहीं. पावसाळ्यांत घाट उतरतांना ह्याचा अर्थ काय, हें सांगावयास नको.

आतां उपाय. गाडी धक्के देऊं लागली म्हणून लगेच स्प्रिंगा बदलण्यास धांवूं नये. बिनखर्चाच्या गोष्टी आधीं पाहाव्या. टायर ही गाडीची पहिली स्प्रिंग होय. गाडी चालविण्यापूर्वीं, टायर थंड असतांना, हवा मोजावी. गॅरेजमध्यें ती पुष्कळदां जास्तच भरलेली असते. मग चाकाची वरची हालचाल थांबविणारा रबरी ठोकळा पाहावा. त्यावर कणकेची एक गोळी चिकटवून नेहमींच्या रस्त्यानें फेरी मारावी. गोळी चपटी झाली, तर चाक ठोकळ्यावर आदळतें आहे. दोष बहुधा स्प्रिंगेच्या मऊपणाचा किंवा कमी केलेल्या उंचीचा असतो, आणि अशा वेळीं नुसते शॉक ॲब्सॉर्बर बदलून सहसा फारसें साधत नाहीं.

तिसरी चूक फार सार्वत्रिक आहे. गाडी जॅकवर असतां, चाकें खालीं लोंबत असतांना, रबरी बुशांचे बोल्ट आवळले जातात. गाडी जमिनीवर येतांच ते रबर पिळलें जातें, जादा स्प्रिंगेसारखें अडतें आणि लौकर फाटतें. हे बोल्ट सैल करून, गाडीचें सारें वजन चाकांवर असतांना पुन्हां आवळावे. मागचे पाटे गंजून एकमेकांवर घासत असतील, तर ते सोडवून, साफ करून मध्यें ग्रॅफाइटचें ग्रीज लावावें. शॉक ॲब्सॉर्बर फिरवून कमीजास्त करतां येणारे असतील, तर ते अगदीं मऊ करून सुरुवात करावी आणि एकेक पायरी चढावी. ते अति कडक असले, तर एका खड्ड्यांत दबलेली स्प्रिंग उघडण्यापूर्वींच दुसरा खड्डा येतो, आणि गाडी हळूहळू खालीं बसत ठोकळ्यांवर जाते.

एवढें करूनही धक्के राहिले, तर स्प्रिंगा. येथें एक समजूत टाकून दिली पाहिजे. जुनी स्प्रिंग बसते म्हणजे तिची उंची जाते. कडकपणा बहुतेक तसाच असतो. गाडी डोलूं लागते ती झिजलेल्या शॉक ॲब्सॉर्बरांमुळें आणि सैल बुशांमुळें. तेव्हां बसलेल्या स्प्रिंगेच्या जागीं हवी ती मूळच्या मापाची नवी स्प्रिंग, जाड नव्हे.

माझ्या गाडींत हवा जास्त होती व बुश पिळलेले होते. तें नीट केल्यावर निम्मा त्रास गेला. उरलेल्यासाठीं जादा पाटा काढला, पुढें मूळच्या मापाच्या स्प्रिंगा घातल्या. नवे शॉक ॲब्सॉर्बर मात्र ठेवले, आणि गाडीचें डोलणें त्यांनींच थांबविलें. दिवाळींत आईला पुन्हां ठाण्याला नेलें. परततांना ती मागच्या सीटवर झोपीं गेली होती.

आपणांपैकीं कोणी अशीच एखादी गाडी कामाला देणार असाल, तर मिस्त्र्यांना "कडक करा" असें सांगूं नका. "पूर्वीं होती तशी करा," असें सांगा.