सात हजार पौंडांत नाझी लंडन

युद्धपट काढायचा म्हटलं की आधी खर्चाचा आकडा समोर येतो. रणगाडे, तोफा, दारूगोळा, गणवेश चढवलेली हजारभर माणसं आणि त्यांचं जेवणखाण. १९५६च्या मे महिन्यात लंडनमध्ये केव्हिन ब्राउनलोने आपल्या युद्धपटाचं चित्रीकरण सुरू केलं, तेव्हा यातलं काहीही त्याच्या आवाक्यात नव्हतं. त्याचं अठरावं वर्ष सरत आलं होतं. माहितीपट बनवणाऱ्या एका कंपनीच्या संकलन विभागात तो उमेदवारी करत होता. जवळ सोळा मिलिमीटरचा कॅमेरा होता आणि डोक्यात एकच प्रश्न घोळत होता: १९४०मध्ये डंकर्कच्या माघारीनंतर जर्मन फौजा इंग्लंडमध्ये उतरल्या असत्या आणि जिंकल्या असत्या, तर?

या प्रश्नातून ‘इट हॅपन्ड हिअर’ हा चित्रपट तयार झाला. त्याला आठ वर्षं लागली आणि खर्च झाला सुमारे ७,००० पौंड. व्याप्त इंग्लंडमध्ये पॉलीन नावाची एक परिचारिका राहते. गाव रिकामं करायला लावल्यावर ती लंडनला येते, काम मिळावं म्हणून जर्मनांच्या बाजूच्या संघटनेत भरती होते आणि पायरीपायरीने त्या यंत्रणेचा भाग बनते. कथा एवढीच. पण पार्लमेंटच्या परिसरात सहज हिंडणारे जर्मन सैनिक पडद्यावर दिसतात तेव्हा क्षणभर हा जुना वार्तापटच आहे असं वाटतं. तो परिणाम कसा साधला, ही कपडेपटाची आणि प्रॉपर्टीची गोष्ट आहे, आणि मला ती सिनेमाच्या कथेइतकीच मोलाची वाटते.

ब्राउनलोने सुरुवातीला जे चित्रित केलं ते अँड्र्यू मोलो या सोळा वर्षांच्या मुलाला दाखवलं. मोलोचे वडील रशियातून आलेले निर्वासित, जुन्या लष्करी वस्तूंचे संग्राहक. त्या घरात वाढलेल्या मुलाला बिल्ला कुठल्या पलटणीचा, पट्टा कुठल्या सालचा, हे शाळकरी वयातच कळत होतं. त्याने ब्राउनलोला आडपडदा न ठेवता सांगितलं की हे सगळं चुकलंय. दुसरा कुणी असता तर ‘प्रेक्षकांना काय कळतंय’ म्हणून पुढे गेला असता. ब्राउनलोने केलेलं काम बाजूला टाकलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. कपडे तपासायला आलेला मोलो लवकरच सहदिग्दर्शक झाला. हाताशी पैसा नसताना झालेलं काम फेकून द्यायला जी हिंमत लागते, तिच्यावर हा सगळा सिनेमा उभा आहे.

चुकलंय म्हणजे नेमकं काय, हे समजायला जर्मन शिपायाचा कोट जवळून पाहावा लागतो. १९३६च्या नमुन्याच्या कोटाची कॉलर गडद, बाटलीसारख्या हिरव्या रंगाची. पुढे पाच बटणं. चार खिसे, प्रत्येकावर मधोमध एक उभी चुणीची पट्टी, आणि खिशांची झाकणं महिरपीसारखी कापलेली. हा शांततेच्या काळात, सवडीने शिवलेला कपडा. युद्ध सुरू झालं, कापड कमी पडू लागलं, तशी आधी ती वेगळ्या रंगाची कॉलर गेली आणि कोटाच्याच करड्या-हिरव्या कापडाची आली. मग खिशांवरच्या चुण्या गेल्या. १९४३च्या नमुन्यात झाकणं सरळ कापलेली आणि पाचाऐवजी सहा बटणं. लोकरीत रेयॉनचं प्रमाण वाढत गेलं, त्यामुळे कापड लवकर विटू लागलं. १९४४मध्ये तर ब्रिटिशांच्या बॅटलड्रेसची आठवण करून देणारा आखूड कोट निघाला. हरत चाललेल्या राष्ट्राची तंगी त्याच्या शिपायाच्या खिशांवर अशी वाचता येते.

मोलोच्या सिनेमाची कथा १९४४-४५ची. म्हणजे सगळेच सैनिक महिरपी झाकणांचे, गडद कॉलरचे कोट घालून हिंडताना दिसले तर वेळ चुकली. सगळेच नवे कोट घालून दिसले तरी खोटं, कारण कुठल्याही सैन्यात जुने कपडे फाटेपर्यंत वापरले जातात. जुन्या-नव्याची सरमिसळ हवी. कमरेच्या बकलाचंही तसंच: सैन्याच्या बकलावर ‘देव आमच्यासोबत’ या अर्थाचे जर्मन शब्द, नाझी पक्षाच्या एसएस दलाच्या बकलावर निष्ठेचं वेगळं ब्रीद. दुरून दोन्ही सारखीच वाटतात. कॅमेरा जवळ गेला की फरक उघडा पडतो, आणि कमी पैशांच्या सिनेमात कॅमेऱ्याला जवळ जावंच लागतं, कारण दूर गेलं की रिकामी मैदानं दिसू लागतात.

हे सामान मिळवायला तो काळ सोयीचा होता. युद्ध संपून जेमतेम अकरा वर्षं झाली होती. लष्करी शिलकीचा माल दुकानांत मिळायचा, आणि मायदेशी परतलेल्या सैनिकांनी आठवण म्हणून आणलेली हेल्मेटं, पट्टे, बिल्ले घरोघरी पडून होते. बॉम्बफेकीत पडलेल्या इमारतींच्या मोकळ्या जागा लंडनमध्ये अजून तशाच होत्या, त्यामुळे उद्ध्वस्त शहराचा देखावा उभारायला सुतार लावावे लागत नव्हते. ज्या गोष्टी कशानेही मिळाल्या नसत्या त्या मोठ्या मनाच्या माणसांनी दिल्या. स्टॅनली कुब्रिक यांनी ‘डॉक्टर स्ट्रेंजलव्ह’च्या चित्रीकरणातून उरलेले कोऱ्या फिल्मचे तुकडे दिले. दिग्दर्शक टोनी रिचर्डसन यांच्या मदतीने शेवटचा टप्पा पार पडला. पीटर सुशित्झ्की या तरुण छायालेखकाचा हा पहिलाच मोठा चित्रपट. पुढे ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ त्यानेच चित्रित केला.

आवाजही मूळचेच मिळवले. चित्रपटात रेडिओ वाजतो, वार्तापट दाखवला जातो. त्यासाठी त्यांनी जॉन स्नॅग, अल्वार लिडेल आणि फ्रँक फिलिप्स या बीबीसीच्या निवेदकांना गाठलं. युद्धाच्या काळात इंग्लंडमधल्या घराघरांत बातम्या सांगणारे हेच आवाज. तेच आता जर्मनांच्या अमलाखालच्या देशाच्या बातम्या सांगू लागल्यावर त्या पिढीच्या प्रेक्षकांच्या अंगावर काटा आला असेल, यात मला शंका नाही. कोटाच्या बटणाला जो नियम लावला, तोच आवाजालाही.

नटसंच मात्र जवळजवळ सगळा हौशी. सेबॅस्टियन शॉ आणि रेजिनाल्ड मार्श असे अगदी थोडे व्यावसायिक नट सोडले तर बाकी मित्र, ओळखीपाळखीचे, विज्ञानकथांचे चाहते, आणि नोकरीधंदा सांभाळून सुट्टीच्या दिवशी येणारी माणसं. नायिकेचं काम करणाऱ्या पॉलीन मरे याही व्यावसायिक अभिनेत्री नव्हत्या. आठ वर्षं चालणाऱ्या कामात अशा माणसांना धरून ठेवणं काय असतं, हे आपल्याकडच्या राज्यनाट्य स्पर्धेची तालीम पाहिलेल्या कुणालाही सांगायला नको. कुणाची बदली होते, कुणाचं लग्न ठरतं, कुणाचं पोट सुटतं आणि कोट बसेनासा होतो.

अभिनय न शिकलेल्या माणसाला सैनिक बनवायचं कसं? माझं मत असं की इथे प्रॉपर्टी तालमीपेक्षा जास्त काम करते. खिळे ठोकलेले जड बूट घातले की माणसाची चाल आपोआप बदलते. तो पाय उचलतो तसा टाकतो, घसटत नाही. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट बसला की मान आखडते. कॉलरचा हूक लावला की खांदे मागे जातात. कमरेला काडतुसांच्या पिशव्या आल्या की हात कुठे ठेवावेत हा हौशी नटाचा जन्माचा प्रश्न सुटतो. नकली, हलक्या वस्तूंनी हे होत नाही, कारण त्यांना वजन नसतं. केसांचं काम त्याहून अवघड. गणवेश संध्याकाळी उतरवता येतो, पण मानेवरून आणि कानांवरून लष्करी पद्धतीने कापलेले केस घेऊन सोमवारी कचेरीत जावं लागतं. फुकट काम करणाऱ्या माणसाकडे केस मागणं म्हणजे मोठीच मागणी. पुष्कळ महागड्या युद्धपटांत हेल्मेटखालून बाहेर आलेली केसांची कड सगळा डोलारा पाडते.

वस्तूची ताकद सगळ्यात जास्त जाणवते ती मात्र बंदुकीच्या प्रसंगात नव्हे. पॉलीनला खेड्यातल्या एका शांत रुग्णालयात पाठवतात. तिथे क्षयाने आजारी असलेले परदेशी मजूर आणले जातात, बायकामुलांसह. ती नेहमीच्या सवयीने, मायेने, त्यांना इंजेक्शन देते. नंतर तिला कळतं की ती इंजेक्शनं मारण्यासाठी होती. परिचारिकेचा कडक इस्त्रीचा पोशाख आणि हातातली सिरिंज, एवढ्याच साहित्यावर हा प्रसंग उभा आहे. हजार माणसांची चकमक घेतली असती तरी इतकी भीती वाटली नसती.

मोलोचं पुढचं आयुष्य याच कामात गेलं. एसएसच्या गणवेशांवर त्याने ग्रंथमाला लिहिली, ‘डॉक्टर झिवागो’पासून ‘द पियानिस्ट’पर्यंत मोठ्या चित्रपटांना सल्ला दिला. त्याचा थोरला भाऊ जॉन हाही लष्करी पोशाखांचा अभ्यासक. ‘स्टार वॉर्स’मधल्या साम्राज्याच्या अधिकाऱ्यांचे कपडे जॉनचे, त्यासाठी त्याला ऑस्कर मिळालं. दुसरं ऑस्कर ‘गांधी’साठी, १९८३च्या सोहळ्यात, आणि त्या पुरस्कारावर त्याच्याबरोबर नाव होतं कोल्हापूरच्या भानू अथैया यांचं. चित्रकार अण्णासाहेब राजोपाध्ये यांच्या या मुलीने भारतीय माणसांचे कपडे सांभाळले, जॉनने ब्रिटिश लष्कराचे. दोन देशांतल्या दोन घरांतली माणसं अशी एका कामावर भेटली, याचा मला विशेष आनंद वाटतो.

ब्राउनलो आणि मोलो यांनी मिळून आणखी एकच कथापट केला, ‘विन्स्टन्ली’. १९७५चा. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये पडीक जमीन सामाईक करून कसणाऱ्या गरिबांची ही कहाणी. यातलं चिलखत लंडनच्या टॉवरमधल्या संग्रहातून उसनं आणलेलं खरं चिलखत होतं आणि नायकाचं काम एका शाळामास्तरांनी केलं. पैसे तेव्हाही बेताचेच होते, आणि पद्धत तीच.

पण खरेपणाचा हा आग्रह ‘इट हॅपन्ड हिअर’मध्ये एका ठिकाणी फार पुढे गेला. खरी बटणं, खरे आवाज, आणि मग खरे नाझी. एका प्रसंगात पॉलीनसमोर बसून ज्यूंविषयी आणि आजारी माणसांना मारून टाकण्याविषयी बोलणारी माणसं नट नव्हती. ते त्या काळातले ब्रिटिश नाझी होते, आणि जे बोलत होते ते कुणी लिहून दिलेलं नव्हतं, त्यांची मतंच तशी होती. चित्रपट १९६६मध्ये लंडनच्या चित्रगृहात लागला तोवर ज्यू संघटनांनी या भागाला तीव्र विरोध केला होता आणि वितरकांनी तो कापून टाकला.

विरोध करणाऱ्यांचं दुःख मला समजतं. ज्यांची घरंच्या घरं छळछावण्यांत संपली, त्यांनी वीस वर्षांनी तीच भाषा मोठ्या पडद्यावर, तिला लगेच उत्तर न मिळता, का ऐकावी? प्रसंगाच्या शेवटी कुणी उठून त्या माणसांना खोडून काढत नाही. दिग्दर्शकांनी प्रेक्षकांवर विश्वास टाकला, आणि असा विश्वास टाकताना दुसऱ्याच्या जखमेची किंमत मोजली जाते, हे नाकारता येत नाही.

तरीही तो भाग चित्रपटात असायला हवा असं माझं मत आहे. नटाने केलेला नाझी आपण ओळखतो. तो डोळे वटारतो, ओरडतो, आणि आपण सुटकेचा श्वास टाकतो की आपण असे नाही. इथे समोर बसलेली माणसं साध्या आवाजात, चारचौघांसारखी बोलतात. पॉलीनसारखी सरळ बाई त्या यंत्रणेत कशी ओढली गेली, हे त्या काही मिनिटांशिवाय पुरतं कळत नाही. नव्वदच्या दशकात हा कापलेला भाग परत जोडला गेला, आणि आज उपलब्ध असलेल्या प्रतींत तो आहे.