नावलेट : एका बैठकीत भेटणारी लेखिका

उर्दू डायजेस्ट उघडले की सुरुवातीलाच फेहरिस्त असते आणि तिच्यातली वाटणी वर्षानुवर्षे ठरलेली. ‘सिलसिलेवार नॉवेल’ म्हणजे महिनोन्‌महिने चालणारी कादंबरी. ‘मुकम्मल नॉवेल’ म्हणजे एकाच अंकात पुरी होणारी. ‘अफसाने’ म्हणजे चार-सहा पानांच्या कथा. या सगळ्यांच्या मधोमध एक शब्द असतो, ‘नावलेट’. कथेपेक्षा मोठी, कादंबरीपेक्षा लहान. जुहरच्या नमाजनंतर हाती घेतली तर असरच्या अजानपर्यंत संपावी, एवढीच तिची लांबी. शेवटी बहुतेक वेळा निकाह होतो, किंवा आधीच झालेल्या निकाहात रुसलेली दोन माणसे बोलू लागतात.

आमच्या घरांतल्या खाला, फुफू आणि मोठ्या आपा ज्यांची नावे मायेने घेतात, त्या लेखिकांपैकी बऱ्याचजणी त्यांना पहिल्यांदा नावलेटमध्येच भेटल्या. यामागचे कारण साधे आहे. सिलसिलेवार कादंबरी साहजिकच नाव झालेल्या लेखिकेकडे जाते, कारण वाचक बारा-पंधरा महिने थांबायला तयार हवेत. अनोळखी नावासाठी कोण थांबणार? लहान कथेत मात्र वाचणारीचे फार काही जात नाही. आवडली नाही तर दोन तास गेले. आवडली तर पुढच्या महिन्याच्या फेहरिस्तीत ते नाव डोळे आपोआप शोधतात.

कराचीची ‘ख्वातीन डायजेस्ट’, ‘शुआ’ आणि ‘किरन’ ही एकाच घरची तीन मासिके या वाचनाचा मोठा आधार. आपल्याकडे दिल्लीहून निघणाऱ्या ‘खातून-ए-मशरिक’ आणि ‘पाकीजा आंचल’ यांनी तेच काम केले. कथांच्या मागेपुढे पाककृती, चेहऱ्याचे लेप, दुआ, वाचकांची पत्रे. पत्रांचे पान तर अनेकजणी आधी वाचतात. मागच्या अंकातली अमुक लेखिका नवी दिसते, तिचे आणखी छापा, असे तिथे लिहिलेले असते. अशी पत्रे पुष्कळ आली की ते नाव पुन्हा छापून येणार हे ओघानेच आले.

हे सगळे कालपरवाचे नाही. लाहोरहून 1898 साली ‘तहजीब-ए-निस्वाँ’ हे स्त्रियांचे साप्ताहिक निघाले, तेव्हा त्याच्या संपादक होत्या मुहम्मदी बेगम. त्यांनी स्वतः ‘सफिया बेगम’, ‘शरीफ बेटी’ यांसारख्या लहान कादंबऱ्या लिहिल्या. त्याआधी पाटण्याच्या रशीदुन्निसा यांनी 1881 साली ‘इस्लाहुन्निसा’ लिहिली. उर्दूत स्त्रीने लिहिलेली पहिली कादंबरी म्हणून तिचा उल्लेख होतो. ती छापून यायला मात्र 1894 उजाडले, मुलगा बॅरिस्टर होऊन परतल्यावर. पुस्तकावर लेखिकेचे नाव नव्हते, मुलाची आई म्हणून ओळख होती. पुढे ए. आर. खातून यांच्या ‘शमा’ आणि ‘अफशाँ’ घराघरांत वाचल्या गेल्या. तेव्हाही नावाच्या जागी दोन इंग्रजी अक्षरेच होती. आज डायजेस्टच्या फेहरिस्तीत बाईचे पूर्ण नाव ठळक अक्षरांत छापलेले असते, ते इतक्या पायऱ्या चढून.

आमच्या पिढीतल्या अनेकींची ओळख उलट्या वाटेने झाली. 2014 साली ‘जिंदगी’ वाहिनी सुरू झाली आणि ‘जिंदगी गुलजार है’ घरोघर पाहिले गेले. रात्री भांडी आटोपून सासवा-सुना एकत्र बसल्या, हा काही लहान चमत्कार नव्हे. 2016 मध्ये या वाहिनीवरच्या पाकिस्तानी मालिका बंद झाल्या, तेव्हा काहीजणींनी मूळ पुस्तक शोधले. उमेरा अहमद यांचे हे पुस्तक आकाराने लहान. कशफ आणि जारून या दोघांच्या रोजनिशीतल्या नोंदी आलटून पालटून येतात आणि त्यातूनच गोष्ट पुढे सरकते. मालिकेत भरलेले पाणी पुस्तकात नाही. कशफची चीड, तीन मुलीच झाल्या म्हणून वडिलांनी टाकलेली तिची आई, त्या आईची नोकरी, हे सगळे थोडक्या पानांत बसते. ते आवडले म्हणून त्याच लेखिकेची जाडजूड ‘पीर-ए-कामिल’ हातात घेण्याचे धाडस झाले. फरहत इश्तियाक यांचेही तसेच. ‘हमसफर’ पाहिली, मग त्यांच्या लहान कथा, मग मोठ्या कादंबऱ्या.

आता अडचणीचे बोलू. महाराष्ट्रात आपल्या घरांत आजीला उर्दू वाचता येते, आईला अडखळत येते आणि नातीला येत नाही, हे चित्र नवे नाही. मराठी माध्यमाच्या शाळेत गेलेल्या मुलीला उर्दू ऐकून समजते, घरात दखनी किंवा कोकणी बोलली जाते, मालिका तर ती मान वळवून दुसरे काम करतानाही समजून घेते. पान समोर आले की मात्र थांबते. आजीच्या पेटीतले डायजेस्ट शेवटी रद्दीत जातात, कारण घरात ते वाचणारे कुणी उरलेले नसते.

इथे एक गोष्ट आपण विसरतो. जिने मकतबमध्ये कुरआनचे नाजरा पूर्ण केले आहे, तिला उर्दूची बहुतेक अक्षरे आधीच येतात. अरबीच्या अठ्ठावीस अक्षरांखेरीज नव्याने शिकायची ती पे, टे, चे, डाल, ड़े, झे, गाफ. त्यात नून गुन्ना, दोन डोळ्यांचा हे आणि बडी ये. दहा-बारा आकृत्या. खरी अडचण दोन ठिकाणी येते. उर्दू छापली जाते नस्तालीक वळणात, तिथे अक्षरे उतारावर उभी असल्यासारखी तिरपी येतात आणि मुसहफमधल्या स्पष्ट नस्खची सवय झालेला डोळा गोंधळतो. दुसरे म्हणजे जेर-जबर-पेश दिलेले नसतात, ऱ्हस्व स्वर अंदाजाने घ्यावे लागतात. पण शब्द कानाला माहीत असेल तर तो अंदाज पटकन जमतो. आपल्या मुलींच्या कानाला हे शब्द माहीत आहेतच.

यासाठी नावलेटइतका चांगला कित्ता नाही. पाठ्यपुस्तक कंटाळवाणे, चारशे पानांची कादंबरी धडकी भरवणारी. साठ पानांच्या गोष्टीत तेच दहा-बारा लोक, तेच अंगण, चहा, रिश्ता, मेहंदी, तेच शब्द पुन्हा पुन्हा. पहिल्या पाच पानांना तास लागेल. पुढे काय झाले हे कळण्याच्या ओढीने पन्नासावे पान दहा मिनिटांत होते. सुरुवातीला खालाने मोठ्याने वाचावे आणि मुलीने पानावर बोट ठेवून पाहावे, ही जुनी रीत अजूनही चालते.

‘पण प्रेमकथा?’ हा प्रश्न येणारच, आणि तो उगाच नाही. आमचे मत असे की सगळ्या नावलेटा एका मापाने मोजू नयेत. काही खरोखर वाईट असतात. नायक रागीट, पैसेवाला, मनगट धरून ओढणारा, आणि त्याचा हा राग म्हणजेच मोहब्बत असे शेवटी ठरते. नोकरी करणारी मुलगी गर्विष्ठ दाखवायची आणि तिला धडा शिकवायचा. बदला म्हणून केलेला निकाह, आणि त्यातून फुललेले प्रेम. अशी गोष्ट कितीही गोड शब्दांत लिहिली तरी सोळा वर्षांच्या मुलीच्या हाती देताना विचार करावा. त्यात चुंबनाचे दृश्य नाही एवढ्यावरून ती स्वच्छ ठरत नाही.

म्हणून नव्या लेखिकेची पहिली नावलेट वाचताना आम्ही काही जागा मुद्दाम पाहतो. निकाहाच्या प्रसंगी मुलीला विचारले जाते का, आणि तिने नाही म्हटले असते तर घरात काय झाले असते याची लेखिकेला जाणीव आहे का? मुलीची रजामंदी घेतल्याशिवाय निकाह करू नये ही शिकवण आपण सगळे ऐकून आहोत, गोष्टीत मात्र ती सोयीने गळते. महरचा उल्लेख येतो का? दागिन्यांची पाने भरून वर्णने आणि महर एका ओळीतही नाही, असे फार दिसते. सासू ही माणूस आहे की केवळ राक्षसीण? घरखर्च कोण चालवतो हे कळते का? या जागा नीट लिहिणारी लेखिका पुढेही वाचावी. हजरत खदीजा (र.) स्वतः व्यापार करत होत्या आणि निकाहाचा पैगाम त्यांच्याकडून गेला होता. आपल्या इतिहासातच हे आहे, तर गोष्टीतल्या मुलीने तोंड उघडले म्हणून बिचकायचे कारण नाही.

याच वादाचे मोठे रूप पाहायचे तर उत्तर नायजेरियातल्या कानो शहराकडे पाहावे. तिथली भाषा हौसा, वस्ती बहुसंख्य मुस्लिम. 1980 च्या दशकापासून तिथल्या बाजारात ‘लित्तत्ताफन सोयय्या’, म्हणजे प्रेमाची पुस्तके, विकली जाऊ लागली. स्वस्त कागद, पातळ पुस्तिका, लांबलेली गोष्ट असेल तर भाग एक, भाग दोन. लिहिणाऱ्यांत मोठा वाटा बायकांचा. बऱ्याच पुस्तिका लेखकांनी स्वतःच्या खर्चाने छापून बाजारात दिल्या. हिंदी सिनेमा तिथे पिढ्यान्‌पिढ्या आवडीने पाहिला जातो, त्यामुळे आईबापाची मर्जी आणि मुलांचे मन यांची ओढाताण या पुस्तकांतही शिरली. हे नाते अभ्यासकांनी नोंदवून ठेवले आहे.

या लेखिकांपैकी बलराबा रमत याकूबू यांचे नाव सर्वांत परिचित. लहान वयात लग्न, मग तलाक, मग प्रौढांच्या वर्गात बसून शिक्षण. त्यांच्या एका पुस्तकाच्या नावाचाच अर्थ होतो ‘अडाणी मुलीशी लग्न कोण करणार?’ लादलेले लग्न आणि मुलीची शाळा हा त्याचा विषय. 1990 साली आलेली त्यांची ‘अल्हाकी कुयकुयो ने’ आलियू कमाल यांनी इंग्रजीत आणली. ती छापली कुणी, तर आपल्या चेन्नईच्या ब्लाफ्ट या प्रकाशनाने, 2012 साली. म्हणजे हौसातली ही लेखिका जगाला भेटली ती भारतीय छापखान्यातून! त्याच्या पाचच वर्षे आधी, 2007 मध्ये, कानोच्या राज्यपालांनी एका मुलींच्या शाळेत अशी पुस्तके जाहीरपणे जाळली होती. मुली बिघडतात हे कारण. पुढे लेखकांवर सेन्सॉरचा जाचही झाला. आम्हाला यात खटकते ते हे, की वाईट पुस्तक आणि लादलेल्या लग्नाविरुद्ध बोलणारे पुस्तक यांत आग फरक करत नाही. पुस्तिका मात्र थांबल्या नाहीत. वाचणाऱ्या मुली आणि गृहिणी होत्या, आणि त्यांतल्याच काही पुढे लिहू लागल्या.

इंग्रजी माध्यमाच्या मुलींसाठी आता वेगळी सोय झाली आहे. टोरोंटोच्या उज्मा जलालुद्दीन यांची ‘आयेशा अॅट लास्ट’ 2018 ची. जेन ऑस्टिनच्या जुन्या कथेचा धागा, आणि मशीद, आई, रिश्ते असे सगळे आपले. नईमा बी. रॉबर्ट यांची ‘शी वोअर रेड ट्रेनर्स’ वाढत्या वयाच्या मुलामुलींसाठी आहे आणि लवकर वाचून होते.

आणि मराठी? मराठीला लहान कादंबरी अनोळखी नाही. ‘मेनका’, ‘माहेर’ यांच्या दिवाळी अंकांतल्या दीर्घकथांनी आणि लघुकादंबऱ्यांनी कितीतरी नवी नावे वाचनालयांच्या फळीवर आणली. योगिनी जोगळेकर, शैलजा राजे यांची पुस्तके आमच्या आयांनीही तालुक्याच्या वाचनालयातून आणून वाचली. त्या गोष्टींत हळदीकुंकू होते, मंगळागौर होती, आणि ते सगळे त्यांना शेजारच्या घरासारखे ओळखीचे वाटले. पण आपले घर त्यात क्वचितच सापडले, आणि सापडले तर दुःखाच्या बातमीसारखे. तलाक, दंगल, गरिबी. हे लिहिले गेले पाहिजेच. 1990 साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यानंतर आपल्या माणसांचे गंभीर लेखन वाढलेही. मात्र मिरजेच्या किंवा महाडच्या घरात ईदच्या आदल्या रात्री शीरखुर्म्याचे दूध उतू जाते आणि त्याच वेळी रिश्त्याचा फोन येतो, अशी हलकी, उबदार, मराठीतली साठ पाने आम्हाला हवी आहेत. तिथे ‘निकाह’चा ‘विवाह’ करायची गरज नाही, आणि ‘खाला’पुढे कंसात ‘मावशी’ लिहायचीही नाही.

लिहिणाऱ्या मुली आहेत. प्रतिलिपीसारख्या मंचावर मराठीत रोज लिहिले जाते, आणि फोनवर एका बोटाने लिहिणाऱ्या बाईला साठ पाने जमतात, सहाशे जमत नाहीत. स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, शिवणाचे काम यांच्यामधून तिला मिळतो तो अर्धा तास. पहिली गोष्ट कच्ची असेल. नायक जरा जास्तच देखणा असेल. तरी ती वाचून तिला दोन ओळी कळवाव्यात, डायजेस्टच्या पत्रांच्या पानावर बायका कळवत आल्या तशा : सासूचा प्रसंग छान उतरला, महरची गोष्ट राहून गेली, पुढची कधी?